पोथीवरचा गोटा

ता. ४ एप्रिल

चि. ठकू हीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या बांधकामावर येऊन गेलो. तू सिमेंटच्या गाडीमागे धावत होतीस, म्हणून हाक मारिली नाही. नात इंजिनिअर, आणि आजोबांचे घर अजून जोत्यावरच! तुझी आजी इथला चौथा मजला चढून आली की गुडघे धरते आणि तुझे नाव घेते. भिंती या महिन्यात उभ्या राहतील ना?

येताना खडीतला एक ठिपक्यांचा गोटा आणिला. पंख्याने पोथीची पाने उडतात, त्यांवर ठेविला आहे. अंमळ हलका आहे. हल्ली दगडांतही पूर्वीचा भार राहिला नाही.

लोभ आहेच, कामाचा वेग तेवढा वाढव.

— आजोबा

ता. ५ एप्रिल

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हातातला चहा सांडला. तुमच्याच जोत्यावरच्या खडीत टिटवीने अंडी घातली आहेत. ती मुकादमाच्या डोक्यावर झडपा घालते, आणि मालकीण आत येऊ देत नाही अशी तक्रार तो माझ्याकडे आणतो. अंडी तीन आहेत. टिटवी बहुधा चार घालते.

आजोबा, तो गोटा कापसात गुंडाळून, हे पत्र आणणाऱ्या ड्रायव्हरकाकांबरोबर तातडीने घेऊन या. चारही झाल्याशिवाय ती उबवायला बसत नाही, म्हणून ते अजून जगेल एवढीच आशा. पण मग पिल्ले निघेपर्यंत भिंती थांबतील. आजीला कोणत्या तोंडाने सांगू?

रागावलात तरी लोभ असावा.

— ठकू

ता. ६ एप्रिल

चि. ठकू हीस आशीर्वाद.

अंडे ठेवून जे पान दाबिले होते, त्यावर भूतदयेचेच निरूपण होते. पोथीही हसली असेल! काल अंडे जागेवर ठेविताना त्या माउलीने माझी टोपी उडविली. योग्यच केले.

तुझी आजी म्हणाली, बाळंतिणीला कोणी घराबाहेर काढते का? ती मोकळी होईस्तोवर आपण जिने चढू. मात्र भाजीच्या पिशव्या ह्यांनी वाहायच्या. प्रायश्चित्त मान्य केले आहे.

तुझा लोभ आता थोडा त्या बाईवरही असू दे.

— आजोबा

ता. ७ मे

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

काल तीन पिल्ले निघाली. चौथ्याची आम्ही आशा सोडली होती. आज सकाळी तेही बाहेर आले, आणि दुपारी आई चौघांना घेऊन मागच्या माळाकडे चालती झाली. ते चौथे सगळ्यांत मागे. दर दोन पावलांवर थांबून एकेक खडा निरखत होते. मुकादमाने त्याचे नाव 'आजोबा' ठेवले आहे.

उद्या आम्ही भिंतींना हात घालतो. आजीला सांगा.

लोभ वाढावा, गोटा हवा असेल तर मात्र माझ्याकडे मागावा.

— ठकू