पुंगळ्या घडवायचा रविवार

अप्पा,

आज मी एकटीने रायफलच्या काडतुसांच्या नव्या पुंगळ्यांना आकार दिला. तुम्ही असताना आपण घडवलेल्या पुंगळ्या मी इतकी वर्षं परत परत दारू-गोळी भरून, पुरवून पुरवून वापरल्या. पण पितळच ते, एकेकीच्या तोंडाला चीर जात गेली आणि परवा उरलेली शेवटचीही तडकली. ती हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते, तुमच्यावरच रुसल्यासारखी.

परवानेवाल्या कारागिराकडून तुम्ही रायफलचं चेंबर, काडतूस बसतं तो पोकळ भाग, मोठं करून घेतलंत, तेव्हा आई म्हणाली होती, "चांगली चालतेय ना? मग कशाला तिची वाट लावताय?" तुम्ही म्हणालात, पुंगळीत दारू जरा जास्त मावेल. बाजारातली पुंगळी त्या चेंबरमध्ये जराशी सैल बसते. पहिला बार काढला की पितळ फुगून भिंतीला टेकतं, पुंगळीचा तोंडाखालचा उतरता खांदा ताठ होतो, आणि मग ती फक्त त्याच रायफलची. तो पहिला बार कुठे लागला याला काही किंमत नसते. म्हणून तर तो तुम्ही माझ्याकडून काढून घ्यायचात.

एरवी रेंजवर तुम्ही माझे वडील नसायचातच. कोपर, गाल, श्वास, बोट, सगळ्यावरून ओरडा. स्पर्धेत नेम जरा हुकला की मुलुंडला घरी पोचेपर्यंत अबोला. पण पुंगळ्या घडवायच्या रविवारी तुम्ही टारगेटकडे बघायचातही नाही. "आज नेम लागूक नको गो, पितळ फुगलां म्हंजे झालां." मी बार काढते, बोल्ट मागे ओढते, कोमट पुंगळी तुमच्या तळहातावर ठेवते. तुम्ही ती उजेडात फिरवता आणि मधेच सांगायला लागता, लहानपणी गावच्या विहिरीत पडला होतात ते, आईला बघायला गेलात तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून परत आलात ते. बाकी कुठल्याही दिवशी तुम्ही मला स्वतःबद्दल काही सांगितल्याचं आठवत नाही.

आज रेंजवर पहिला बार काढला, पुंगळी काढली आणि सवयीने उजवीकडे हात केला. "बघा हो, खांदा आला का?"

शेजारी नेमबाजी करणाऱ्या बाईंनी आवाज अडवणारं कानावरचं काढलं. "काय म्हणालात?"

"काही नाही ओ. पुंगळी बघत होते."

त्यांनी दुर्बिणीतून माझं टारगेट पाहिलं. "झकास ना! एकदम मध्यात!"

आणि मला रडू आलं. त्या बिचाऱ्या घाबरल्याच. तुम्ही असता तर तिकडे पाहिलंच नसतं. थोड्याशाच पुंगळ्या केल्या आणि बाकीच्या तशाच परत घेऊन आले.

आई विचारते, स्पर्धा कधी आहे. मी सांगते, पुढच्या महिन्यात. नाव दिलेलंच नाही, अप्पा. रायफल माझ्या नावावर करून घेतली तेव्हा सगळे म्हणाले, बापाचं वेड लेकीत उतरलं. मला नेमबाजी कधीच आवडली नाही. तुम्ही बोलायचात, ते आवडायचं.