अपूर्ण काम न नोंदवण्याचे व्रत

सोमवार, १२ ऑगस्ट
हे कृपाळू प्रभू, आरंभिलेले तूच तडीस ने. आता विषय. ओल्या गव्हाची वाळल्यावर होणारी घट मोजणारा माझा प्रोग्राम शुक्रवारी मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्यांच्या कामाच्या सामाईक प्रतीत, मिसळायचा आहे. त्याच दिवशी मी, कॉर्नेलियस पेनर, कॅनडातल्या सास्काटूनच्या या धान्य-कचेरीतून निवृत्त होईन. एकतीस वर्षांच्या सेवेअंती त्या शाखेत नाव शेवटचे एकदा उमटावे, एवढेच मागणे.

मंगळवार
आमची प्रमुख नोरीन डिक हिने कमिट, म्हणजे कामाच्या पक्क्या नोंदी, किती केलेत, असे विचारले. एकही नाही. एकोणीस दिवसांचे काम माझ्याच यंत्रावर आहे. म्हणाली, कॉर्नी, रोज संध्याकाळी नोंदवत जा हो, कॉफी सांडली म्हणजे? कच्चा पाव टेबलावर आणत नाहीत, असे मी सुनावले. म्हणाली, इथे जेवायला बसलंय कोण?
मला कॉर्नी म्हटलेले आवडत नाही.

बुधवार
कमिट उद्या निश्चित. प्रोग्राममधल्या दोन टिपांची वाक्यरचना अद्याप सदोष.

गुरुवार, सकाळी दहा
प्रार्थना करून मुख्य शाखा माझ्या शाखेत मिसळायला घेतली. यंत्र अडले, पडद्यावर इशारा आला: न नोंदवलेले बदल पुसले जातील. आधी कमिट करा, नाहीतर स्टॅश करून झाकून ठेवा. दिवा लावून टोपलीखाली झाकणे आमच्या घराण्यात नाही. शेजारच्या टेबलावरचा ड्वेन म्हणाला, अहो, कोट खुंटीला लावायचा, त्यात कसलं पाप? तरुणांना तत्त्व कळत नाही.

अकरा
इशारा डावलणारी सक्तीची आज्ञा सापडली. एकच ओळ. यंत्र निमूट झाले, शाखा मिसळल्या. निष्ठेपुढे काय टिकते?

चार
फाईल उघडली. काम सुरू करण्याआधीची दिसते. तात्पुरता दोष असावा.

शुक्रवार, १६ ऑगस्ट
दोष तात्पुरता नाही. नोरीनला सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. म्हणाली, ओल्या गव्हाचं मी गेल्या आठवड्यातच चाळीस ओळींत लिहून मुख्य शाखेत घातलं. तुम्ही नोंदवणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. मग केक कापला.
मुख्य शाखेत माझे नाव शोधले. शेवटची नोंद गेल्या ऑक्टोबरची: एका स्वल्पविरामाची दुरुस्ती.
ही वही कोणासाठी नाही. तरीही जो कोणी वाचील, त्याचे अपुरे काम सूर्यास्तापूर्वी नोंदले जावो, आणि त्याच्यावर कृपा असो.