समोरून बटणांचे दोन शर्ट

प्रिय बडबडे,

फोनवर तुझ्यापुढे माझं काही चालत नाही. मी घसा खाकरून सुरुवात करते, तेवढ्यात तू डॉक्टरांची नक्कल करतेस, नाहीतर स्वतःच्या टकलावर काहीतरी बोलतेस. परवा म्हणालीस, वर्गात आता प्रकाशाचं परावर्तन शिकवायला आरसा न्यावा लागत नाही. मी हसत सुटते आणि सांगायचं ते तोंडातच राहतं. म्हणून हे कागदावर. मधे तोंड घालता येणार नाही तुला, हा एक फायदा. आणि कृपा करून शेवट आधी वाचू नकोस. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी उघडणारी बाई तू, तुझी खोड मला ठाऊक आहे.

काल तुझे अहो दुकानात आले होते. जॅकेटचं अस्तर फाटलंय म्हणाले. फाटलं कसलं, बगलेत जेमतेम बोटभर उसवलं होतं. काउंटरच्या काचेवर बोटाने रेघा ओढत उभे राहिले, आणि मग हळूच म्हणाले की तुझं ऑपरेशन दोनदा पुढे गेलंय आणि दोन्ही वेळा ते तूच पुढे ढकललंस. केमो संपल्यावर ठरावीक काळात ऑपरेशन व्हायलाच हवं, नाहीतर आत उरलेल्या पेशींना हातपाय पसरायला आयती सवड मिळते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आता महिनाअखेर ही शेवटची तारीख. डॉक्टरांना तू सांगितलंस शाळेच्या परीक्षा आहेत. अहोंना सांगितलंस डॉक्टर तारीख देत नाहीत. मला सांगितलंस ऑपरेशन थिएटरला रंग काढतायत. एवढं खोटं बोलूनही कुठे अडकली नाहीस, हुशारच आहेस. ते मला म्हणाले, तुम्ही समजावा तिला, तुमचं ऐकते ती. मी मान खाली घालून जुळता दोरा शोधत बसले. दोरा समोरच होता. मला वर बघवेना, कारण तू कशासाठी थांबली आहेस ते त्यांना माहीत नाही आणि मला माहीत आहे.

तुला शाळेतली लस आठवते? मी मोठी, पण रांगेत तुझ्या मागे. सुई बघूनच मी मागे मागे सरकत होते. मला दाखवायला तू पुढे झालीस, ऐटीत बाही वर केलीस आणि काहीच होत नाही गं ताई असं म्हणता म्हणता अशी किंचाळलीस की नर्सबाईंच्या हातातला ट्रे खाली आला. मी खिडकीतून उडी मारली. थेट आईच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलाखाली, गिऱ्हाइकांच्या लोंबणाऱ्या कोटांमागे. दंडावर कापूस दाबून धरत तूच मला शोधून काढलंस. आईने त्या दिवशी फर्मान काढलं की हिला आधी काही दाखवायचंच नाही, दोघींना एकदम न्यायचं. मग दाताच्या डॉक्टरकडे आपण एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसलो. त्या बिचाऱ्या माणसाला कुणाचा जबडा उघडावा ते कळेना. आईच्या शेवटच्या दिवसांतसुद्धा वॉर्डात तू होतीस, आणि दुकान कोण बघणार असं म्हणत मी इथे. तू त्यावर कधी एक शब्द काढला नाहीस. मी पळते हे तू धरूनच चालतेस.

तुझ्या जनुकाच्या तपासणीचा निकाल आला त्या दुपारी तू सरळ इथे आलीस. बाबा आतल्या खुर्चीत बसले होते. तुझ्या छातीत गाठ सापडल्यापासून त्यांनी सिगारेट सोडली होती आणि आपल्याशी नजर मिळवायचंही सोडलं होतं. आयुष्यभर पोरींच्या डोक्यावर धूर सोडला, आधी बायको गेली, आता लेक, हा त्यांचा हिशेब. आणि तू काय केलंस, माझ्या हातातला कोट ओढून घेतलास, कसरीने पडलेलं भोक ट्यूबलाइटसमोर धरलंस आणि वर्ग घेतलास. म्हणालीस, पेशीतला धागा, म्हणजे डीएनए, रोज तुटतो बाबा, प्रत्येकाचा तुटतो. उन्हाने तुटतो, धुराने तुटतो, एक्स-रेने तुटतो आणि नुसतं जगण्यानेही तुटतो. एका पेशीच्या दोन होताना सगळं लिखाण उतरवून घ्यावं लागतं, त्यातही चुका होतात. बहुतेक सगळं तिथल्या तिथे दुरुस्त होतं. जे राहून जातं ते पुढच्या पेशीत तसंच उतरतं. तेच म्युटेशन. पुष्कळदा त्याने काही बिघडत नाही. पण वाढीला लगाम घालणाऱ्या जागीच असे बदल साठत गेले की पेशी थांबायचं विसरते, आणि मग गाठ.

मग तू मला विचारलंस, ताई, भोक आरपार असलं तर आई काय करायची? मी म्हटलं, बाजारचा दोरा नाही वापरायची, त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि शेजारची धड वीण बघत बघत भोक विणून टाकायची. तू म्हणालीस, अगदी तेच. धाग्याचे दोन्ही पदर तुटले की पेशी शेजारच्या धड प्रतीकडे बघून दुरुस्ती करते. त्या शेजारच्या प्रतीला शास्त्रातही बहीणच म्हणतात, असं म्हणून माझ्याकडे बघून डोळा मारलास. असं रफू करणारं जनुक आपल्याला दोन प्रतींत मिळतं, एक आईकडून, एक बाबांकडून. आईकडून तुला आलेली प्रत जन्मापासूनच बिघडलेली. आईला आणि मावशीला त्याच बिघाडाने नेलं. बाबांकडची एकटी प्रत इतकी वर्षं सगळा भार वाहत होती, कुठल्यातरी एका पेशीत तीही निकामी झाली. तेव्हा बाबा, म्हणालीस, भोकं तुमच्या धुराने पडली असतील नसतील, सिगारेट सोडलीत ते झकास केलंत, पण माझ्याकडे रफूवालाच रजेवर होता. उलट धड प्रत तुमच्याकडूनच आली होती. बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. त्या दिवसापासून ते दोन वेळा नीट जेवतात, हे मी तुला सांगितलं नव्हतं.

आणि मग तू माझ्याकडे वळलीस. आईकडून कुठली प्रत आली, यावर सगळं. मला धड प्रत येण्याची जितकी शक्यता, तितकीच बिघडलेली येण्याची. तपासून घे, म्हणालीस, आणि तुझीही बिघडलेलीच निघाली तर गाठ व्हायची वाट न बघता दोघींनी एकाच दिवशी ऑपरेशन करून घ्यायचं, शेजारशेजारच्या खाटांवर. मी आधी गेले आणि तू मला पट्ट्यांत गुंडाळलेली बघितलीस की तू खिडकी शोधणार, मी ओळखून आहे तुला, असं म्हणालीस. मला हसू आलं, कारण ते शंभर टक्के खरं होतं. लगेच ऑर्डरही दिलीस, दोन शर्ट शिव, एकाच कापडाचे, म्हणजे वॉर्डात बँडवाल्या दिसू. एवढं सगळं होऊन तू माझ्या रिपोर्टसाठी थांबली आहेस. स्वतःची गाठ अंगात आहे आणि ताई पळून जाऊ नये म्हणून थांबली आहेस. असला वेडेपणा दुसरं कुणी करणार नाही.

माझा रिपोर्ट आला, बडबडे. तू पहिल्यांदा तारीख पुढे ढकललीस त्याच्याही आधी आला. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, तुमच्यात तो बदल नाही. तुम्हाला इतर कुठल्याही बाईइतकाच धोका, आणि तुमच्या मुलीलाही तो तुमच्याकडून जाण्याचा प्रश्न नाही. आता मी काय केलं ते लिहिते, लाज वाटते तरी लिहिते. मला तू आठवली नाहीस. मी त्या बाईंचे हात धरून हलवले. जिन्यावरून खाली येताना गुणगुणत होते. कँटीनमध्ये बसून आइस्क्रीम खाल्लं, कप खरवडून खाल्लं. समोरच्या टेबलावर एक बाई बसली होती, डोक्याला तुझ्यासारखाच रुमाल बांधलेला. ती माझ्याकडे बघून हसली, बरी बातमी दिसतेय म्हणाली, आणि मी म्हटलं हो. तेव्हा तू आठवलीस. वाईट एवढंच नाही वाटलं की तुला आहे आणि मला नाही. त्याहून वाईट हे, की सुटले म्हणताना माझ्या मनात कुठेतरी असंही होतं की बरं झालं, हिला गेलं, मला नाही. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि परत लिहिलं.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, आला का गं रिपोर्ट? मी म्हटलं, नाही, तिथलं यंत्र बिघडलंय. तुला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. तुझ्या लेकीला मोठी झाल्यावर याच तपासणीला सामोरं जावं लागेल आणि माझ्या लेकीला नाही, हे तुझ्याच तोंडावर कसं सांगू म्हणून. तू म्हणालीस, काही घाई नाही, थांबू या. मी फोन ठेवला आणि शर्ट कापायला घेतले. तेच मला सगळ्यात जास्त खातंय. रिपोर्ट कपाटात होता आणि मी आरशासमोर टेप धरून स्वतःचं माप घेत होते, नसलेल्या ऑपरेशनसाठी. दोन्ही नीट शिवले. हात वर जाणार नाही म्हणून समोरून बटणं, मोठी आणि चपटी, एका हाताने लागतील अशी. बगलेत टोचू नये म्हणून शिवण पुढे सरकवलेली. आतून दोन्ही बाजूंना खिसे, जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळ्यांच्या बाटल्या ठेवायला, हे वॉर्डातल्या नर्सबाईंना विचारून घेतलं. तुझा एका बैठकीत शिवून झाला. माझा शिवताना सुई दोनदा बोटात गेली. कुणी दुकानात आलं की मी तो कापडाखाली सरकवायचे. दुसरी तारीख गेली तेव्हाही मी गप्प होते. ऑपरेशनच्या भीतीने पळणं एकवेळ समजू शकतं. मी तर नुसत्या तुझ्या चेहऱ्याला घाबरून पळाले, आणि तू तिकडे ती गाठ घेऊन माझी वाट बघत बसलीस.

तर हे पत्र एवढ्यासाठी की तुझ्या शेजारची खाट रिकामी राहणार आहे आणि तू तिच्यासाठी आणखी एक दिवसही थांबायचं नाहीस. तुझे अहो दुपारी जॅकेट न्यायला येतील, त्यांच्याच हाती हे पत्र आणि शर्टांची पिशवी देतेय. त्यांनाही सगळं सांगणार आहे, समोर उभी राहून. तुला चिडायचंय तितकं चीड, पण आधी डॉक्टरांना फोन कर आणि तारीख घे. त्या दिवशी दुकान बंद असेल, मी तुझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर असेन. या खेपेला तुला एकटीलाच बाही वर करायची आहे. हवी तितकी किंचाळ, मी कुठे जात नाही. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी तिथेच बसून राहीन. पिशवीत दोन्ही शर्ट आहेत बघ. माझ्या मापाचा होता तो काल तुझे अहो गेल्यावर उसवला, खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या, खिसे परत बसवले. एक अंगात असेल तेव्हा दुसरा मी धुऊन वाळत घालीन. दोन्ही तुझ्याच मापाचे आहेत.

तुझीच, खिडकीकडे पाठ करून बसणारी,
ताई