कांद्याच्या सालांचा रंग

४ जून
सत्तावीस दिवस झाले. बाटलीतला रंग अजून पहिल्या दिवसाइतकाच लाल! लाल कांद्याच्या सालांतून साध्या पाण्यात काढलेला, त्यात काहीही न घातलेला. प्रयोगशाळेतल्या इतरांचे रंग दहा दिवसांत चहासारखे होतात. माझी खात्री आहे — या सालांत रंगाला जपणारं एखादं द्रव्य आहे, आणि ते मी शोधणार. उद्या लहान मुलांच्या औषधात हाच रंग जाईल.

सालं आई देते. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात ती रोज पोतंभर कांदे सोलते.

९ जून
शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी माझीच पद्धत करून पाहिली. कांदा त्याच जातीचा, बाजारातून आणलेला. त्यांचा रंग काल, नवव्या दिवशी, तपकिरी झाला.

"तुझ्या हाताला गुण आहे बाई," म्हणाल्या. हसल्या, पण नजर माझ्या बाटलीवर.

आमचे मार्गदर्शक सर सरळच बोलले, "दुसऱ्याच्या हातून निघत नाही, तो निष्कर्ष नव्हे. महिनाअखेर कारण आणा, नाहीतर चर्चासत्रातून तुमचं नाव काढतो."

आणीन. मी काही रंग वरून ओतलेला नाही.

१० जून
कांदा तोच, पाणी तेच, बाटल्याही त्याच. उरला पोत्यापासून माझ्या टेबलापर्यंतचा रस्ता.

११ जून
आज न सांगता आईकडे कामावर गेले. मागच्या दाराशी शेगडीवर मोठं पातेलं, त्यावर चाळणी आणि चाळणीत माझी सालं; आधीची बाजूला फडक्यावर सुकत घातलेली.

"हे काय करतेयस?"

"वाफ देतेय. कचरा तसाच पोरीच्या हाती द्यायचा? तिथे सगळी शिकलेली माणसं. त्यातून किडा-मुंगी निघाली तर तुझीच शोभा व्हायची."

"कधीपासून?"

"पहिल्या पिशवीपासून."

मी पायरीवर बसले. सालांतच रंग नासवणारं काहीतरी असतं, ते वाफेनं मरत असणार. माझं ते जपणारं द्रव्य कुठे नव्हतंच!

आई घाबरली. "मी बिघडवलं का गं? डिग्री परत घेतील?"

"डिग्री कोणी परत घेत नाही, आई."

"मग सांगूच नकोस. कुणाला कळतंय?"

मला कळलंय ना.

१२ जून
सरांना सगळं सांगितलं. माझा सिद्धान्त मीच फळ्यावरून पुसला. वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट, कधी एकदा करून बघते असं झालं. ताईंनी लगेच बाजारातली सालं चाळणीत घातली. तीन मिनिटं वाफ, मग सुकवणं — अगदी आईसारखं. रंग काढला की दिवस मोजायचे.

२७ जून
ताईंच्या बाटल्या चौदाव्या दिवशीही लाल. सरांनी चर्चासत्रात माझं नाव कायम ठेवलं.

२ जुलै
चर्चासत्रात निबंध वाचला. प्रश्न आला, "वाफ पुरेशी झाली, हे ओळखता कसं?" माझ्या कागदावर होतं: तीन मिनिटं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज, "घड्याळ कशाला? चिमटीत मऊ लागली की उतरवायची."

सगळं सभागृह मागे वळलं.

"ही माझी आई," मी म्हणाले. "हे काम तिचं आहे."

नंतर तिला सात प्रश्न आले. मला एकही नाही.