बराक नंबर दोन

नांदेड, ३ सप्टेंबर

प्रिय व्यंकट,

आपल्या गावचा जुना जेल वाचवलास म्हणून पेपरात तुझा फोटो पाहिला. सागवानी तुळया, चुन्याचा गिलावा, गजांना काळा रंग. काम चोख झालंय, नाही म्हणत नाही. परवा आईला घेऊन पाहायला आलो होतो. फलक वाचला आणि तिला काही न सांगता माघारी आणली. 'बराक एक : स्वातंत्र्यसैनिक. बराक दोन : चोर व भुरटे.'

आईचे वडील, माझे आजोबा पंढरी, दोन नंबरमध्ये होते. तुझे आजोबा हणमंतराव एक नंबरमध्ये. निजामाचा जकातनाका दोघांनी मिळून जाळला, एकाच दोरीला बांधून दोघांना आणलं. आत मात्र शिपायांनी वस्ती विचारली. महारवाड्यातले म्हणून आजोबांना चोरांसोबत टाकलं. नाहीतर एक नंबरच्या रांजणाला आमचा हात लागला असता. जेल वाचवणाऱ्या तुमच्या समितीनं बराक पाहून गुन्हा ठरवला. याला अभ्यास म्हणतोस?

पंच्याऐंशी साली स्वातंत्र्यसैनिकाच्या दाखल्यासाठी सोबतच्या कैद्याचं प्रमाणपत्र लागत होतं. आजोबा तुमच्या ओसरीखाली उभे होते, मी शेजारी. हणमंतराव म्हणाले, "पंढऱ्या, तू तिकडल्या बराकीत. मी काय बघितलं बाबा?" तू दारात होतास. कॉलेजात रोज माझ्या डब्यातलं खाणारा तू, तेव्हा चप्पल शोधत राहिलास. वाटेत आजोबा एवढंच बोलले, "नाका पेटवताना काडीपेटी माझीच होती की रे."

फलकाबद्दल फोन केला तर म्हणालास, "पुरावा आण, आनंदराज. सहकैद्याच्या वारसाचं लेखी चालंल." तो वारस कोण, हे तुझ्या ध्यानात आलं नसेल यावर माझा विश्वास नाही.

म्हणून हे पत्र. निवेदन लिहून सोबत जोडलंय, फक्त तुझी सही बाकी आहे. मैत्रीखातर मागत नाही. ती उरलेली नाही. आई सतरा सप्टेंबरच्या उद्घाटनाला यायचंच म्हणते. ऐंशी वर्षांची चांगुणाबाई माझं ऐकत नाही. तिला अक्षर येत नाही; फलकावर बापाचं नाव असेल असंच ती धरून आहे. काल नवं लुगडं काढून ठेवलं आणि म्हणाली, "तू नको वाचू, रडशील. माझ्या बापाचं नाव व्यंकटच वाचून दाखवंल मला, समद्यांपुढं."

'तुझाच' लिहायला हात धजत नाही,
आनंदराज