सातव्या रेषेवरचा गाळ

फुलचूर, गोंदिया
१४ मे २००९

प्रिय मोनाली,

सप्रेम जय भीम. इकडे सगळे ठीक आहेत. ऊन त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नाही. आईचा गुडघा आता बरा आहे. माझं काम चालू आहे. या महिन्यात बोअरसाठी अकरा जागा दाखवल्या, आठ ठिकाणी पाणी लागलं. समुद्रतळावरचा भारताचा दावा न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत पोचल्याची बातमी पेपरात वाचली. त्यात तुमच्या संस्थेतल्या कुणाचं नाव नव्हतं. मी दोनदा वाचून खात्री केली.

बुद्धपौर्णिमेला दवनीवाड्याला तुझ्या घरी गेले होते. अंजनाकाकूंनी खीर केली होती. तलाव निम्मा आटलाय आणि उघड्या पडलेल्या तळात तुमच्या गाळपेरीची काकडी चांगली आली आहे. काठावर काकाजी आणि शेजारचे उदारामजी बसले होते. काकाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "आमची पोरगी मोनाली समुंदर मोजून राहिली."

"वावराले धुरा रायते, पान्याले कोठून आला धुरा?" उदारामजींनी विचारलं. काकाजींनी प्रश्न माझ्याकडे ढकलला.

म्हणून मी सांगितलं. मोजतात ते पाणी नाही, खालची जमीन. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंत समुद्राचा तळ त्या देशाचाच धरतात. त्यापुढचा हवा असेल तर दाखवावं लागतं, की तो तळ आपल्याच जमिनीचा पुढे गेलेला भाग आहे. जमीन पाण्याखाली उतरत जाते आणि एका जागी उतार संपतो. त्या पायथ्यापासून जितकं लांब जाल, त्या अंतराच्या निदान एक टक्का जाडीचा गाळ तिथे साचलेला असला पाहिजे. आणि इतकं करूनही त्या भागातलं पाणी आपलं नाही, पोहणारे मासे आपले नाहीत. फक्त तळ आणि त्याच्या पोटातलं.

"म्हंजे गाळपेरच का वो!" उदारामजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "मासे सोसायटीचे, अन् ज्याचा धुरा तलावाले लागून, गाळ त्याचा. एवढ्यासाठी कायले न्यूयॉर्कले जा लागते?"

सगळे हसले. मीही हसले. इतकं नेमकं मला आमच्या प्राध्यापकांनीसुद्धा सांगितलं नव्हतं. तेवढ्यात काकाजी म्हणाले, "मोनालीनं बराबर समजावून ठेवलं तुले."

मी "हो" म्हटलं.

"अन् तू अजून बोअरच दाखवून राहिली का?"

त्यालाही "हो" म्हटलं. काकडी घेतली आणि पाचच्या बसने परत आले. काकाजींच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी ती काकडी मी खाल्ली नाही.

आता कामाचं. २२ तारखेला तू संस्थेच्या समितीपुढे जो निबंध वाचणार आहेस, त्याचे तक्ते तू मला एप्रिलमध्ये तपासायला पाठवलेस. २९ एप्रिलला मी फोनवर सांगितलं, की सगळं बरोबर आहे. ते बरोबर नाही. मोजणीच्या सातव्या रेषेवर गाळाची जाडी तू २.४ किलोमीटर धरली आहेस. जहाजावरून सोडलेला आवाज गाळाच्या बुडाशी जाऊन परत येतो, म्हणून वेळ निम्मी करायची असते. बाकी सगळ्या रेषांवर तू ती केली आहेस, सातव्या रेषेवर राहून गेली. वेळ ०.८ सेकंद, वेग सेकंदाला ३ किलोमीटर, म्हणजे जाडी १.२. पायथ्यापासून १९० किलोमीटरवर १.९ हवी. तो बिंदू टिकत नाही, आणि तुझा सगळा निष्कर्ष त्याच बिंदूवर उभा आहे.

हे मला २६ एप्रिललाच दिसलं होतं. फोनच्या तीन दिवस आधी.

का सांगितलं नाही, ते तुला कळलं असेल, पण मीच लिहिते. तुझ्या या जागेसाठी आपण मुलाखत एकाच दिवशी दिली. तू पहिली आलीस, मी दुसरी. त्या निवडयादीची मुदत ३० जूनला संपते. समितीने तुला कायम केलं नाही, तर ते मलाच बोलावतील. संस्थेला फोन करून मी हे विचारून घेतलं होतं. तुझे तक्ते येण्याच्या आधीच.

मी काही वाईट करत नाहीये, फक्त गप्प बसले आहे, असं अठरा दिवस स्वतःला सांगितलं. २२ तारखेला कुणीतरी हात वर करून सातव्या रेषेबद्दल विचारेल आणि तू कागदाकडे बघत राहशील, हे मी मनात बऱ्याचदा पाहिलं. प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. तू माझ्याहून हुशार असतीस तर कदाचित सोपं गेलं असतं. तू नाहीस. आणि तक्ते तपासायला तू माझ्याकडेच पाठवलेस, म्हणजे हे तुलाही माहीत आहे.

सोबत दुरुस्त तक्ता आहे. पाचव्या रेषेवरचा बिंदू टिकतो : अंतर १४८ किलोमीटर, जाडी १.९. सीमा त्यातून काढ. क्षेत्र कमी होईल, पण कुणाला बोट ठेवता येणार नाही. पत्र स्पीड पोस्टने टाकते आहे, सोमवारी मिळेल. तुझ्या हातात चार दिवस राहतात. हे काम दोन दिवसांचं आहे.

फोन करू नकोस. मी नीट बोलेन आणि ते खरं नसेल.

शुभेच्छा लिहीत नाही, त्या माझ्याकडे नाहीत. आकडे तीनदा तपासले आहेत, ते बिनघोर घे.

समीक्षा