छातीचा पट्टा, मनगटाचे टक्के आणि पाटाचं पाणी

कोल्हार, ता. राहाता
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय लालमहंमद यास,

गोरक्षनाथचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही एकदमच घे, म्हणजे कुठला आधी हा प्रश्न राहणार नाही. इकडे मी आणि मुक्ताबाई बरे आहोत. बिबीजान भाभींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढता येतो का, की अजून तुलाच गच्चीवर कपडे वाळत घालावे लागतात? (लागत असतील तर घालत जा. आमच्याकडे मी घालतो, आणि पुढे जे सांगणार आहे त्याची सुरुवात कपड्यांच्या दोरीवरूनच होते.) तुझ्या मुलाचं खर्ड्यातलं दुकान बरं चाललं असेल. तू इथून गेलास त्याला सहा वर्षं झाली. तुझ्या जुन्या घराच्या ओट्यावर हल्ली कोणी बसत नाही, पण जाता-येता मी तिकडे बघतो.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन न करता पत्र लिहायचं कारण असं, की माझा मोबाईल सध्या धनश्रीच्या ताब्यात आहे. तो माझ्याच खिशात असतो, पण त्यात काय चाललंय ते पुण्यात बसूनही तिला दिसतं. मी किती चाललो, किती झोपलो, काळीज मिनिटाला किती वेळा उडालं, सगळं. लेकीला बापाची काळजी असावी, पण इतकी बारीक नोंद मी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं नोकरी करून पाण्याचीसुद्धा ठेवली नव्हती. कागदावर लिहिलेलं तेवढं तिला अजून दिसत नाही.

तुला माहीत आहेच, दोन वर्षांपूर्वी माझ्या काळजाच्या नळीत स्प्रिंग बसवली. डॉक्टर म्हणाले, चाला, हळूहळू पळा, हरकत नाही. धनश्री म्हणाली, हरकत नाही, पण मला दिसलं पाहिजे. मग तिनं दिवाळीत तीन वस्तू आणल्या. एक मनगटावरचं घड्याळ. एक छातीला बांधायचा पट्टा, जो काळजाचे ठोके मोजतो. आणि एक शेंगदाण्याएवढी डबी, बुटाच्या नाडीत अडकवायची, ती पावलं मोजते. नियम एकच, ठोके एकशे तीसच्या वर जायचे नाहीत. गेले की तिच्या मोबाईलमध्ये घंटा वाजते आणि दुसऱ्या मिनिटाला माझ्या मोबाईलमध्ये ती वाजते.

ह्या तिन्ही वस्तू उत्तम आहेत. फक्त चालू असल्या तर. घड्याळाच्या खोक्यावर सात दिवस लिहिलं होतं. ते सात दिवस बहुधा भिंतीवर टांगून ठेवणाऱ्या माणसाचे असावेत. आपण कुठून कुठे पळालो ते नकाशावर बघायचं म्हटलं की घड्याळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान टाकतं. लालू, मी आयुष्यभर भंडारदऱ्याचे टक्के वाचले. आज धरण किती टक्के, काल किती, रब्बीला पुरेल का. आता सकाळी उठून मनगटाचे टक्के वाचतो आणि तीच चिंता करतो. त्यात घरात चालू प्लग एक, आणि दावेदार घड्याळ, मोबाईल आणि मुक्ताबाईचा मिक्सर. शेवटी मी पाण्याची लावतात तशी पाळी लावली आणि कागद प्लगच्या वर चिकटवला. पहिल्याच दिवशी घड्याळाच्या पाळीला वीज गेली ती चार तास आली नाही, आणि आली तेव्हा मिक्सरची पाळी होती. मुक्ताबाईनं खोबरं वाटलं. मला कुणावर रागवावं ते कळेना, कारण कागद मीच चिकटवला होता.

पट्ट्याची वेगळीच तऱ्हा. त्यात बटणासारखा चपटा सेल असतो, तो म्हणे वर्षभर जातो. आमचा अकराव्या दिवशी गेला. दुसरा घातला, तो नवव्या दिवशी गेला. धनश्रीनं पुण्याहून फोनवर उलटतपासणी घेतली तेव्हा उलगडा झाला. पट्टा ओला असला की त्याला वाटतं आपण माणसाच्या घामेजल्या छातीवर आहोत, आणि तो जागा राहतो. आणि आमच्याकडे तो रोज धुतला जात होता. मी मुक्ताबाईला विचारलं तर म्हणाली, "घामाचा वास येत हुता म्हनून धुतला. काळजाला लावायचं ते काय वासाचंच लावायचं व्हय?" म्हणजे रोज सकाळपासून दुपारपर्यंत, माझ्या बनियन आणि तिच्या परकराच्या मध्ये दोरीवर लटकून तो पट्टा इमानानं ठोके शोधत होता. मला त्याची थोडी दयाच आली. (बुटातली डबी तिसऱ्या आठवड्यात बंद पडली. ती मी तशीच राहू दिली आहे. पावलं माझी मला मोजता येतात.)

अशा वेळी मला आपले शाळेतले राधाकृष्ण सर आठवतात. तुला आठवतं, पाटाच्या गेटवर पाय सोडून बसायचे, मांडीवर चिंचोक्यांची पुरचुंडी. आपण गेटपासून पुलापर्यंत जाऊन आलो की एक चिंचोका पाण्यात टाकायचे. दहा संपले की घरी. वेळ मोजायला त्यांच्याकडे किल्लीचं घड्याळ होतं, पण ते कानाला लावून चालतंय का एवढंच बघायचे, काट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. पळून आलो की दोन बोटं आपल्या मानेवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "गोरख, तू बस जरा. लाल्या, तू अजून एक मार." त्यांची बोटं कधी बंद पडली नाहीत. अनवाणी पळायचो आपण. उन्हाळ्यात माती तापली की पाटाच्या ओल्या काठानं पळायचं, आणि काठावर जागा एकाचीच, म्हणून तू माझ्या मागे. पन्नास वर्षं झाली, तरी तुझ्या पावलांचा तो चपचप आवाज मला ओळखता येईल. शेवटच्या बाभळीपाशी तो आवाज बाजूला यायचा आणि मग पुढे जायचा. नगरच्या जिल्हा स्पर्धेतसुद्धा तसंच झालं. तू पहिला, मी दुसरा. येताना एसटीत तू मला खिडकी दिलीस आणि मी कोल्हार येईपर्यंत बाहेर बघत बसलो, तुझ्याशी बोललो नाही. त्याबद्दल कधी काही म्हणालो नव्हतो, आत्ता म्हणतो. चुकलं.

तर मागच्या रविवारची गोष्ट. सकाळी सातला निघालो. थंडी चांगली होती, पाटाला रब्बीचं पाणी सुटलेलं, दोन्ही काठ भरून चाललेलं. पुलापर्यंत ठीक गेलो. आणि पुलाच्या पुढे पट्ट्याची बॅटरी संपली. पाठोपाठ घड्याळाची संपली. मोबाईल बघतो तर तोही बंद. तिघांनी पाच मिनिटांच्या आत माना टाकल्या. मी म्हटलं, चला, आज सुट्टी. थोडं पळालो आणि बनुबाईच्या पेरूच्या बागेत जाऊन बसलो.

इकडे पुण्यात धनश्री चहा पिता पिता मोबाईलवर माझी रेघ बघत होती. (ठोक्यांची एक रेघ असते, वर-खाली जाणारी.) ती रेघ थांबली. आडवीसुद्धा झाली नाही, नुसती थांबली. तिनं मला फोन लावला, बंद. आईला लावला, आई देवीच्या देवळात, फोन घरी. मग तिनं शेजारच्या आबासाहेबांना लावला. आबासाहेब चांगला माणूस आहे, पण त्याला कुठलंही काम लहान करता येत नाही. त्यानं आधी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, की गोरक्षनाथ पाटकरी जिथे असतील तिथून त्यांनी घरी यावं. मुक्ताबाई तेव्हा त्याच भोंग्याखाली नारळ फोडत होती. मग आबासाहेबानं दोन मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर पाटाच्या दोन्ही काठांनी सोडले. तुझा पुतण्या आवेज पंक्चरचं दुकान उघडं टाकून आला. कोणीतरी विहिरीतून बादल्या काढायचा गळ आणला आणि पुलावरून पाण्यात सोडला.

लालू, इथवर मी सहन केलं असतं. पण आबासाहेबानं माझ्या जागी आलेल्या हल्लीच्या पाटकऱ्याला फोन करून गेट खाली करायला लावलं. पाणी उतरून त्यात मी दिसावा म्हणून. छत्तीस वर्षं मी एकच गोष्ट सांभाळली, की टेलच्या, म्हणजे पाटाच्या पार शेवटच्या शेतकऱ्याला त्याच्या पाळीचं पाणी मिळालं पाहिजे. त्यासाठी वरच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या, एकदा एकानं माझी सायकल पाटात टाकली ती काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बांधावरून गेलो. आणि आता माझ्याच पायी टेलचं पाणी तासभर तुटलं. बागेत बसल्या बसल्या मला पाण्याचा आवाज कमी झालेला ऐकू आला. मी बनुबाईला म्हटलं, वर कोणीतरी गेट दाबलंय, काय माणसं आहेत. तेवढ्यात काठावर ट्रॅक्टर आला. त्यावरून आबासाहेबानं ओरडून विचारलं, की गोरखतात्याला वाहत जाताना पाहिलं का. बनुबाई शांतपणे म्हणाली, "न्हाई बा. हितं पेरू खात्यात. तुमी बी या."

मला ट्रॅक्टरवर बसवून गावातून आणलं. बाया दारात उभ्या होत्या. मुक्ताबाई ट्रॅक्टरपाशी आली. देवळातला अर्धा नारळ अजून तिच्या हातात होता. तिनं माझा हात धरला तो घरात जाईपर्यंत सोडला नाही, आणि लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली तरी भर रस्त्यात हे पहिल्यांदाच झालं.

दुपारी धनश्री गाडी घेऊन आली. मला वाटलं रागावेल. तिनं चप्पल काढली, माझ्यासमोर खाली बसली, पट्ट्याचा सेल काढला, नवा घातला. मग म्हणाली, "बाबा, चाळीस मिनिटं रेघ नव्हती." एवढंच. मी बॅटऱ्यांबद्दल सविस्तर सांगायला लागलो, खोक्यावर काय लिहितात आणि प्रत्यक्षात काय होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. तेव्हापासून आठ दिवस इथेच आहे, ओसरीत बसून कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करते. प्लगला तिनं पाच तोंडांचा बोर्ड जोडला आहे. आता सगळ्यांचे शंभर टक्के असतात आणि मी घरात बसून असतो, कारण एकट्यानं पळायला बंदी आहे.

भाभींना सलाम. घरी सर्वांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर पत्रानंच दे.

तुझा
गोरख

ता. क. मूळ मुद्दा राहिला. बंदी एकट्यानं पळायला आहे, दुकट्यानं नाही. तू आणि भाभी महिनाभर इकडे या. तुझं घर मी झाडून घेतलं आहे, बल्ब बदलले आहेत. भाभींच्या गुडघ्यासाठी खालचीच खोली ठेव. पळणं म्हणजे काय, चालल्यासारखंच. तुझा दमा अजून असेल तर तू सायकलवर ये.

ता. क. दुसरं. तुझ्याशी खोटं बोलून पत्र बंद करवत नाही. त्या दिवशी बॅटऱ्या संपल्या नव्हत्या. पुलाच्या पुढे मला मागून तुझ्या पावलांचा आवाज आला. मागे कोणी नव्हतं हे मला माहीत होतं, मी काही म्हातारचळ लागलेला नाही. पण बाभळीपर्यंत एकदा तरी तुझ्या पुढे राहावं असं वाटलं. एकशे तीसमध्ये ते जमणारं नव्हतं. म्हणून पट्टा सोडून खिशात घातला, घड्याळ बंद केलं, मोबाईल बंद केला, आणि पळालो. पुढे राहिलो, लालू. मग डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बागेच्या कुंपणाशी आडवा झालो. बनुबाईनं तळपाय चोळले, पाणी पाजलं. तिनं कुणाला सांगितलेलं नाही. परवा मुक्ताबाईला बाजाराला म्हणून नगरला नेलं आणि डॉक्टरांना माझी छाती दाखवून आलो. स्प्रिंग जागेवर आहे. ते म्हणाले, बरोबर कोणीतरी पाहिजे, जो तुम्हाला थांबवेल. असा माणूस मला एकच माहीत आहे. हे पाकीट धनश्रीकडेच देतो पोस्टात टाकायला. तिला दुसऱ्याची पत्रं वाचायची सवय नाही.

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

लालूकाका, नमस्कार. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून दोन ओळी. आत काय लिहिलंय ते वाचलेलं नाही, पण तुम्हाला बोलावलं असेल एवढं कळतं. त्या दिवशी बाबांचं घड्याळ बंद झालं तेव्हा त्यात एकसष्ट टक्के बॅटरी होती. ते माझ्याकडे दिसतं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. शनिवारी मी गाडी घेऊन खर्ड्याला येते. तुम्ही आणि काकू तयार राहा.

धनश्री